अक्का, ते मनन तुझं नव्हतं

अक्का, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. राग मात्र रोज येतो. सकाळी सहाला, तुझ्या वहीच्या पानाचा फोटो यायचा नेमक्या त्या वेळेला. मी फोन बघतो, त्यात काही नसतं, आणि मग दिवसभर समोर येईल त्याच्यावर खेकसतो. काल एका म्हाताऱ्याचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहिताना इतका तडकलो की बिचारा घाबरून आधार कार्ड माझ्या टेबलावरच विसरून गेला. मग मीच ते घेऊन खालापूरच्या स्टँडवर त्याला शोधत हिंडलो.

पहिला राग तुझाच. तीस वर्षं नर्स म्हणून कशेळ्याच्या आसपासच्या सगळ्या वाड्या पायाखाली घातल्यास. कुणाच्या छातीत जरा चमक आली की त्याचं काही न ऐकता जीपमध्ये कोंबून कर्जतला पाठवायचीस. आणि स्वतःच्या छातीत पंधरा दिवस दुखत होतं तर गॅस म्हणालीस. मी विचारलं तेव्हा वर मलाच ओव्याचं पाणी प्यायचा सल्ला दिलास. नर्सबाईला गॅस आणि हृदय यातला फरक कळत नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. तुला कळलं होतं. तू सांगितलं नाहीस.

दुसरा राग भेटायला येणाऱ्यांचा. देवाला चांगली माणसं आधी लागतात, असं जो येतो तो मला सांगतो. एका पाहुण्याला मी विचारलं, मग तुम्ही अजून इथे कसे? तो चहा अर्धा ठेवून गेला. बायकोनं मला आत बोलावून झापलं, आणि मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तू असतीस तर तोंडावर पदर धरून हसली असतीस आणि नंतर मला त्या माणसाकडे माफी मागायला पाठवलं असतंस.

पण खरं सांगायचं ते हे नाही. खरं सांगायला मला अर्ज लिहिणाऱ्या माणसासारखी प्रस्तावना लागते, हे तुला माहीतच आहे.

कंपनी बंद पडली तेव्हा मी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. चर्चला जायचं तर त्याआधीच सोडलं होतं. तू एकदाही ये म्हणाली नाहीस, प्रार्थना कर म्हणाली नाहीस. एके दिवशी सकाळी सहाला फोनवर तुझ्या वहीच्या पानाचा फोटो आला आणि मागोमाग तुझा फोन. "सुम्या, माझी बोटं जाड हायत, फोनवर टाईप होत नाय. म्हाताऱ्या मान्सांना माजं अक्षर वाचता येत नाय. तेवढं टाईप करून सातच्या आत मंडळीच्या ग्रुपवर टाक." कशेळ्यात राहून तुझी भाषा पार तिथली झाली होती, आपले आबा मास्तर होते, त्यांनी ऐकलं असतं तर पट्टी काढली असती. मी कुरकुर करत उठलो. टाईप करायचं म्हणजे उठून बसावं लागतं, आणि बसलं की चहा लागतो, आणि चहा झाला की माणूस दाढी करतो. पुढे त्याच टायपिंगच्या जोरावर मी तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकलं. बोटं जाड म्हणे. लहान पोराच्या हाताची शीर त्याच बोटांनी पहिल्या फटक्यात शोधायचीस. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावरही मी तुला तसं बोललो नाही. तेव्हाच आभार मानायला हवे होते.

तर ते वहीचं पान, म्हणजे तुझं रोजचं मनन. तू पहाटे लिहायचीस, आणि मला फोटो पाठवायच्या आधी ओट्यावर बसलेल्या बायकांना वाचून दाखवायचीस. वाडीवरून करवंदं, जांभळं, रानभाज्यांच्या पाट्या घेऊन उतरलेल्या बायका तुझ्या ओट्यावर जीपची वाट बघत बसायच्या. त्यातली एकही ख्रिस्ती नाही. त्यांचे देव वेगळे, डोंगरातले. पण तुझा चहा प्यायचा तर तुझं मनन ऐकायचं, असा तिथला नियम होता. बुधीबाई सगळ्यांत पुढे. देवाच्या प्रीतीला तोटा नाही असं तू वाचलंस, तर ती म्हणाली होती, मग तुझ्या देवाला इचार, वाडीवरच्या बोअरिंगला पाणी का नाय. तू दुसऱ्या दिवशीचं मनन त्या प्रश्नावरच लिहिलंस. प्रीती वरून येते पण हापसा खालच्या माणसांनीच बसवायचा असतो, असं काहीतरी. आणि मग मला तीन वेळा अर्ज लिहायला लावलास, तेव्हा कुठे हापसा बसला.

मी मात्र तुझं मनन टाईप करताना सुधारायचो. तुझं 'हाय' काढून 'आहे' करायचो, लांब वाक्य तोडायचो, सुरुवातीला 'प्रिय मंडळी' घालायचो. तू चिडायचीस. देवाला काय तहसीलदार समजलास का, म्हणायचीस. मी म्हणायचो, नमुन्यात नसलेला अर्ज कुठेच पुढे सरकत नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये वारस नोंदीपासून विहिरीच्या परवानगीपर्यंत सगळ्याचे नमुने तयार असतात. नाव बदललं की झालं. दिवसभर दुसऱ्यांच्या सहीवर 'आपला विश्वासू' छापून देणारा माणूस मी. ही सवय हाडात मुरली, आणि त्या सवयीनंच मी ते केलं.

चार वर्षांपूर्वी तुझी एकुलती लेक करुणा गेली. दाजी ती शाळेत असतानाच गेले होते, तुझं जे काही होतं ते तीच होती. बालवाडीची बाई, एकतीस वर्षांची, पाच दिवसांचा ताप. संध्याकाळी आपण तिला माती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला आणि तुझ्या वहीचं पान आलं. मला वाटलं होतं, आज तरी येणार नाही. मी वाचलं. पहिली ओळ टाईप केली आणि माझी बोटं थांबली.

मग मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, पण मी ते तुझ्यापुढे कधी उच्चारलं नाही, म्हणून आता लिहितो. मी तुझं पान बाजूला ठेवलं आणि पंधरा मिनिटांत माझ्या मनानं एक मनन लिहिलं. तुझी सगळी मननं माझ्या हाताखालून गेली होती. सांत्वनाचा नमुना मला पाठ होता. आधी दुःखाचा उल्लेख, मग उपकारस्तुती, मग विनंती, शेवटी आमेन. त्यात एक ओळ घातली, की ज्याच्या हाती आपण लेकरू दिलं, त्याचे हात आपल्या हातांपेक्षा मोठे आहेत. खाली तुझं नाव टाकलं आणि सातच्या आत ग्रुपवर सोडून दिलं. देवावर विश्वास नसलेल्या माणसानं.

लोक अक्षरशः वेडे झाले. काय ही बाई, काय हिचा विश्वास, काल लेक पुरली आणि आज असं लिहिते. ती ओळ कर्जतहून कुठे कुठे गेली. पुष्पचक्रांच्या फितीवर आली, दुसऱ्यांच्या दफनविधीत वाचली गेली. तुझ्या तोंडावर कुणी तिची स्तुती केली की तू 'देवाची दया' एवढंच म्हणायचीस आणि त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायचीस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा पान आलं. त्यावर एवढंच होतं: 'आज बुधीनं चहा केला. मी प्याले.' मी ते जसंच्या तसं पाठवलं. त्या दिवसापासून तुझा एक काना-मात्रा मी बदलला नाही. तुला ते कळलं असणार, आणि मला वाटलं, आपल्यात मिटलं.

मिटलेलं काही नव्हतं. तू गेल्यावर चौथ्या दिवशी मंडळीचे सेक्रेटरी, बेंजामिनकाका, खालापूरला माझ्या शेडमध्ये आले. तुझ्या मननांची पुस्तिका काढायची म्हणाले. मी सगळं देतो म्हटलं. तर म्हणाले, सगळं नको. बाईंच्या काही मननांत जरा कुरकुर आहे, देवाला प्रश्न आहेत, ती वगळू. नवीन विश्वासणाऱ्यांना अडखळण नको. मी असा भडकलो की शेजारच्या टेबलावरचा स्टॅम्पवाला उठून उभा राहिला. माझी बहीण काय रेशनचा तांदूळ आहे का, निवडून खडे काढायला, असं बरंच काही बोललो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पहिल्या पानावर करुणाच्या वेळचं मनन घेऊ. कबरेच्या दगडावरही तीच मोठ्या हातांची ओळ कोरायची ठरली आहे. भडकणं सोपं असतं गं. त्या वेळी खरं बोलायला मला जमलं नाही.

गेल्या रविवारी तुझ्या अंगणात स्मरणसभा झाली. मंडप, खुर्च्या, समोर तुझा तो पांढऱ्या साडीतला फोटो, जो तुला आवडायचा नाही. ओट्याच्या कडेला बुधीबाई आणि वाडीवरच्या सात-आठ जणी पाट्या बाजूला ठेवून बसल्या होत्या. चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली. मग बेंजामिनकाका उभे राहिले आणि सांगू लागले, की लेक गेल्याच्या दुसऱ्या सकाळी आपल्या बाईंनी हे लिहिलं. वाचायला लागले. मी जमिनीकडे बघत होतो. मोठ्या हातांपर्यंत आले आणि ओट्यावरून आवाज आला.

"हे बाईचं नाय."

बुधीबाई उभी राहिली होती. पाळक तसे चांगले, तरुण आहेत; हळूच म्हणाले, मावशी, बसा, हे बाईंनीच लिहिलेलं आहे. ती बसली नाही. म्हणाली, "त्या दिशी बाईनी मला वाचून दावला. ती अशी नाय बोलली. ती देवाशी भांडत व्हती."

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, तिला काय वाचता येतंय थोडंच. दोघंतिघं हसले. आणि अक्का, तिथे माझं डोकं फिरलं. तुझ्या पहाटेच्या प्रत्येक मननाची पहिली ऐकणारी ती बाई. तुझ्या मंडळीतल्या निम्म्या लोकांनी तुझे मेसेज न वाचताच हात जोडलेली चित्रं पाठवली असतील, आणि हिनं एकदा कानानं ऐकलेलं चार वर्षं जपून ठेवलं. तिला खोटी पाडून हे लोक माझं खोटं छापणार होते. मला त्यांना फाडून खायची इच्छा झाली. पण फाडायला उभा राहिलो आणि लक्षात आलं, की तिला खोटी पाडणारा या अंगणात पहिला मीच आहे.

मी म्हणालो, "ती खरं बोलतेय. हे अक्कानं लिहिलेलं नाही. मी लिहिलं."

काकांच्या हातातला कागद तसाच वर राहिला. मी फोन काढला. चार वर्षांत दोन फोन बदलले, पण तो फोटो प्रत्येक वेळी आधी नव्या फोनमध्ये टाकला. का, ते मला सांगता आलं नसतं. मी तुझं पान वाचलं, तुझ्या 'हाय-नाय'सकट.

'आज मनन नाय. काल सांजच्याला करुणाला मातीत ठेवली. पाच दिवस मी तुझ्याकडं तिचा ताप मागत होते, देवा. मला दे, तिला सोड, म्हणत होते. तू तिला सोडलं नाय आन् मला घेतलं नाय. लोक म्हणतात तुझी इच्छा. अशी तुझी इच्छा असेल तर ती वाईट हाय, आन् हे मी तुझ्या तोंडावर सांगते. आज मी तुझी स्तुती करणार नाय. उद्याचं उद्या बघू. पण बोलते तुझ्याशीच, कारण दुसऱ्या कुणाशी बोलले तर ते मला गप्प बसवतील.'

शेवटी आमेन नव्हतं, त्यामुळे संपलं हे लोकांना कळलंच नाही. सगळे वाट बघत राहिले. मग पुढच्या रांगेतून लिलीबाई उठल्या. त्यांचा सायमन दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला, तुला आठवतं, तू आठवडाभर त्यांच्या घरी झोपायला जायचीस. त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"माझ्या सायमनच्या वेळेला मला ते मोठे हात वाचून दाखवले. मला वाटलं, करुणाची आई दुसऱ्याच दिवशी असं लिहू शकते, मग मीच विश्वासात कमी पडले. दोन वर्षं मी कुणापुढं रडले नाही, सुमंत."

चार वर्षं माझी समजूत होती, की मी फार तर तुझ्यापाशी एक खोटेपणा केला, आणि त्यानं लोकांचं भलंच झालं. मी हात जोडून त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही, नुसती मान हलवली आणि खाली बसल्या, आणि मग तिथेच, भर अंगणात, मोठ्यानं रडल्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही. बुधीबाई ओट्यावरून उतरली आणि त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर जाऊन बसली.

काका अजूनही अडखळणीबद्दल काहीतरी म्हणत होते. पाळक म्हणाले, पुस्तिका निघेल तर सगळी मननं घेऊन निघेल, आणि पहिल्या पानावर हे. काका म्हणाले, पण याला आमेन नाही. पाळक म्हणाले, राहू दे तसंच. दगडावर आता फक्त तुझं नाव येणार आहे. ते तुझ्या मनासारखं झालं की नाही, कोण जाणे.

माणसं पांगल्यावर मी आणि बुधीबाई सतरंज्या गोळा करत होतो. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि विचारायला तोंड होत नव्हतं. शेवटी विचारलं, त्या दिवशी ग्रुपवर माझं लिहिलेलं बघून अक्का काय म्हणाली. मला वाटत होतं, ती सांगेल की बाईनं माफ केलं, बाई हसली, बाईनं तुझ्यासाठी प्रार्थना केली. तुमच्या लोकांत असंच सांगतात. तिनं सतरंजीची घडी पुरी केली.

"लय येळ फोनाकडं बगत व्हती. मी म्हनलं, काय गं झालं. तर म्हनली, भाऊ भ्याला माजा."

मला असा राग आला तुझा. मी भ्यालो? लोक काय म्हणतील याला भिणारा माणूस मी नव्हे. तहसीलदारासमोर टेबल आपटून आलेला आहे मी. मी तुझी लाज राखली, तुझं नाव राखलं, असं बुधीबाईला सांगायला तोंड उघडलं आणि ते मलाच पटेना. कर्जतला घरी परत येताना जीपमध्ये सगळा वेळ मनात तुझ्याशी भांडत होतो. मधली गावं कधी गेली ते कळलं नाही.

भ्यालो होतो, अक्का. मी कधीपासूनच प्रार्थना करत नाही, ते मला परवडत होतं कारण तू करत होतीस. माझ्या नावानं पण तूच करायचीस, हे मला माहीत होतं. ते पान वाचलं आणि वाटलं, आता हीसुद्धा उठली देवापुढून. आता आपल्या घरातलं कुणीच तिथे उरलं नाही. तू तर त्याच्याशीच भांडत होतीस, त्याला सोडून कुठेच गेली नव्हतीस, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी तुला घाईघाईनं परत जागेवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

पण तू तरी विचारायचंस. चार वर्षं रोज सकाळी सहाला पान पाठवलंस. त्यातल्या एखाद्या पानाच्या खाली, मंडळीसाठी नाही, फक्त माझ्यासाठी, तीन शब्द लिहायचेस: का रं सुम्या? मी सांगितलं असतं.